परतीची चाकोरी

१

सकाळी तंबूतून बाहेर आलं की आदिती आधी बूट उलटे करून झटकायची, मग अंगठ्यानं दोन्ही टायर दाबून बघायची आणि मग छोट्या स्टोव्हवर चहा टाकायची. चहा उकळेपर्यंत बॅगा सायकलला बांधून व्हायच्या. जैसलमेर मागं पडल्यापासून हा क्रम एकाही सकाळी मोडला नव्हता. कोल्हापुरात घरी असताना गॅसवरचं दूध हमखास उतू घालवणारी ही बाई वाळवंटात मात्र घड्याळासारखी वागत होती, आणि त्याचं तिचं तिलाच हसू येत होतं.

आदिती मगदूम ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. सायकलचं वेड लग्नानंतरचं. आधी पन्हाळा, मग जोतिबा, मग मलकापूरवरून आंबा घाट उतरून थेट रत्नागिरी. सगळं एकटीनं. सोबत कुणी असलं की बोलावं लागतं, आणि बोलत राहिलं की रस्ता ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. वाळवंट कधीपासून डोक्यात होतं. डांबर नाही, वस्ती नाही, जीपच्या नि उंटांच्या येण्याजाण्यानं पडलेली नुसती वाट, आणि तिच्यावर आपण.

नवरा अभिनंदन. त्याचं शेतीपंपांचं दुकान. घरात तो, ती आणि त्याची आई रत्नाबाई. बायकोला एकटीला एवढ्या लांब सोडतोस काय, असं नातेवाइकांनी विचारलं तेव्हा अभिनंदन म्हणाला होता, "ती काय शेळी हाय व्हय, सोडाय-बांधायला?" हे वाक्य आदितीनं मैत्रिणींना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्या आता तिच्या आधी ते म्हणून मोकळ्या व्हायच्या.

स्टेशनवर सायकल डब्यात त्यानंच चढवली. "बिनधास्त जा आदे. आईला मी बघतो. तू फक्त रोज फोन कर."

रत्नाबाई स्टेशनवर आल्या नव्हत्या. घरातून निघतानाच त्यांनी सुनेच्या हातात लाडवांचा डबा ठेवला आणि विचारलं, "परत येशील न्हवं?"

"येतो की आई. न येऊन कुठं जातो?"

२

एका सकाळी तो क्रम टायर दाबण्याशीच अडला.

तंबूच्या दारापासून सायकलची एक चाकोरी निघाली होती आणि पूर्वेकडं गेली होती. म्हणजे आदल्या दिवशी ती जिकडून आली होती, तिकडं.

'कालचीच, आपलीच,' असं म्हणून तिनं चहा टाकला. मग तिला वारा आठवला. काल संध्याकाळी असा वारा सुटला होता की तंबूच्या खुंट्या ठोकता ठोकता मागं उमटलेली पावलं बुजत होती. खुंटीपासून खुंटीपर्यंत जाऊन यावं तर आपण तिथं होतो ह्याची खूणच नाही. त्या वाऱ्यात चाकाची खूण टिकली कशी?

ती वाकून बघायला लागली. तिच्या मागच्या टायरची एक गाठ तुटलेली होती, इचलकरंजीच्या रस्त्यावर फुटक्या बाटलीवरून चाक गेलं होतं तेव्हापासून. वाळूत उमटलेल्या नक्षीतही तेवढी एक गाठ नव्हती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तीच जागा मोकळी. तिला बरं वाटलं. आपलंच चाक. दुसरं कुणी रात्री तंबूशी आलेलं नाही.

थोडं पुढं वाळू मऊ होती. तिथं सायकल चालत नाही, उतरून ढकलावी लागते. ढकलणाऱ्याच्या बुटांच्या खुणा तिथं होत्या, तळव्यातल्या, पॅडलला अडकणाऱ्या लोखंडी पट्टीच्या ठशासकट. टाचा तंबूकडं. बोटं पूर्वेकडं.

तिनं स्वतःचा बूट शेजारी दाबून बघितला. तेच माप.

तिला वाटलं, काल अंधार पडण्याआधी आपण हातमोजा शोधायला मागं गेलो होतो, तेव्हाच्या असतील. पण हातमोजा शोधायला सायकल कशाला नेली असती? आणि गेलो, तर परत आल्याच्या खुणा कुठायत? वर्गात एखाद्या पोरानं असं अर्धवट उत्तर दिलं असतं तर तिनं त्याला उभं ठेवलं असतं. इथं तिनं ते स्वतःचं मान्य करून टाकलं. वाऱ्यानं एवढ्याच पुसल्या असतील.

मागं चहा उतू गेल्याचा वास आला.

तिनं सगळं भराभर बांधलं आणि पश्चिमेला निघाली. दिवसभर ती एकदाही मागं वळली नाही, पण पाठ उघडी पडल्यासारखी वाटत राहिली.

३

रेंज रोज नसायची. जिथं टॉवर दिसेल तिथं थांबून ती घरी फोन लावायची. सुरुवातीला अभिनंदन उचलल्या उचलल्या विचारायचा, "कधी येतेस? तुझ्याबिगर घर खायला उठतंय." ती हसायची. कुठपर्यंत आली ते सांगायची.

त्या सकाळनंतर चार-सहा दिवसांनी पहिल्यांदा फोन लागला. अभिनंदन खुशीत होता. दुकानाचं बोलला, क्रिकेटचं बोलला. कधी येतेस, हे विचारायचं मात्र राहिलं. आदितीला आधी ते कळलंच नाही. फोन ठेवल्यावर काहीतरी कमी वाटत राहिलं, जेवणात मीठ कमी पडावं तसं.

पुढच्या वेळी तिनं विचारलं, "जेवलास?"

"व्हय. काकडीची कोशिंबीर झालती. कूट घालून, तू करतेस तशी."

"कुणी केली?"

"केली की. मावशींनी."

मावशी पोळ्या करायला यायच्या आणि पोळ्या लाटून जायच्या. कोशिंबिरीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तो बोलत असताना मागं बांगड्या वाजल्या. रत्नाबाईंच्या हातात बांगड्या नसायच्या. सासरे गेल्यापासून त्यांनी घातल्या नव्हत्या.

"घरात कोण आलंय?"

"कोण येणार? टीव्ही लावलाय आईनं."

आदिती त्या टॉवरखाली बराच वेळ बसून राहिली. बायकांना जे सगळ्यात आधी सुचतं तेच तिलाही सुचलं, आणि सुचल्याची लाज वाटली. अभि? ज्यानं साऱ्या भावकीला तोंडावर उत्तर दिलं तो? आपण मोकळं फिरायचं आणि तो घरात बसून आईचं करतोय तर त्याच्यावरच संशय घ्यायचा? तिनं स्वतःला दटावलं. पण त्या दिवशी पॅडल मारताना तिच्या कानात वाळूचा आवाज कमी आणि बांगड्यांचा जास्त होता.

४

रत्नाबाईंचा फोन आला तेव्हा ती एका खेजडीच्या झाडाखाली, जेवढी मिळाली तेवढ्या सावलीत बसली होती. सासूबाई स्वतःहून कधी फोन करायच्या नाहीत.

"आदिती?" आवाज इतका हळू की तिनं दुसऱ्या कानावर हात दाबला.

"बोला आई."

"तू कुठं हाईस पोरी?"

"राजस्थानात की. वाळवंटात."

पलीकडं दार हळूच लोटून घेतल्याचा आवाज आला.

"मग सैपाकघरात कोण हाय?"

"आई, मावशी असतील."

"मावशीला बंद केलंय अभिनं. ती आल्यापासनं. सायकल घिऊन आली, सगळ्या बॅगा बांधून. मी म्हटलं, बरं झालं, लवकर आलीस. पण पोरी, ती 'येते, जाते, करते' असं बोलतीया. पुस्तकातल्यागत. तू कवा तसं बोललीस? तू येतो-जातो म्हणतीस, माझ्यागत, समद्या गल्लीगत." म्हातारीचा आवाज चिरकला. "मला भ्या वाटतंय. तू ये की."

"आई, अभिला द्या फोन."

द्यावा लागला नाही. दार उघडल्याचा आवाज आला आणि अभिनंदनच बोलायला लागला. "आदे? तू मनावर घेऊ नको. आई हल्ली इसरतीया. कालच डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, ह्या वयात हुतंय असं."

"मी निघतो लगेच."

"कशाला? एवढ्या लांब गेलीस, पुरं कर की. मी हाय न्हवं. अजिबात लवकर येऊ नको."

किती मायेनं म्हणाला तो. आणि त्याच्या मागून, लांबून, एक बाई सांगत होती, "आई, चला, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या." त्यांच्यासारख्या जैनांच्या घरात रोज संध्याकाळी म्हटलं जाणारं साधं वाक्य. टीव्हीवर ते कोण कशाला म्हणेल?

आवाज ओळखीचा होता. लहानपणी कुठल्यातरी लग्नात भेटलेल्या दूरच्या बहिणीचा असावा, तसा. कुणाचा ते मात्र आठवेना.

५

परत फिरताना ती एका ढाणीवर थांबली. चार झोपड्यांची ती वस्ती. जातानाही तिनं तिथं ताक घेतलं होतं. खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला बघितलं आणि त्याच्या हातातली विडी तशीच राहिली.

"आप तो उस दिन निकल गई थीं ना? पक्की सड़क पूछी थी आपने."

आदितीनं विचारलं, नक्की मीच? म्हाताऱ्यानं सायकलकडं बोट केलं, बॅगांकडं केलं, तिच्या डोक्यावरच्या निळ्या रुमालाकडं केलं. पुढं बोलली ती त्याची बायको. म्हणाली, ताक दिलं होतं, तिनं प्यायलं नाही. ऊन कलेपर्यंत पेला नुसता धरून बसली. विचारलं की तेवढं बोलायची.

म्हातारी जवळ आली आणि तिनं दोन बोटं आदितीच्या मनगटावर ठेवली. वैद्य धरतो तशी. काही वेळ धरून ठेवली. मग तिचा चेहरा सैल झाला आणि ती ताक आणायला आत गेली.

त्या दिवशी आदितीनं पेला दोन घोटांत संपवला, मिशा पुसाव्यात तसं तोंड पुसलं आणि मोठ्यानं "छान झालंय" म्हणाली, मराठीतच.

पुढं एका ट्रकनं तिला सायकलसकट गावापर्यंत आणलं आणि तिथून ती रेल्वेत बसली. घरी कळवलं नाही. गाडीत वेळ जाईना म्हणून मोबाइलमधले जुने व्हिडिओ बघत होती. त्यात कोल्हापूरच्या सायकल क्लबनं घेतलेली तिची मुलाखत होती. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायला तिला कधी आवडायचा नाही. परक्या कुणाचा वाटायचा. व्हिडिओतली आदिती हसून म्हणाली, "चला, निघू या."

लहानपणी लग्नात भेटलेली दूरची बहीण.

तिनं मोबाइल पालथा घातला. समोरच्या बाकावरचं कुटुंब दशम्या सोडत होतं. त्यांनी तिलाही एक दिली. ती तिनं घेतली आणि हातात धरली, आणि आपण ती नुसतीच धरून बसलोय हे लक्षात आल्यावर दचकून पहिला घास तोडला.

काहीही असो, एक गोष्ट तिनं मनाशी पक्की केली. अभि फसलाय. साधा माणूस आहे, दारात बायको उभी दिसली, आत घेतली. आपण जाऊन त्याला सोडवायचं.

६

कोल्हापुरात उतरली तेव्हा दिवस कलला होता. स्टेशनपासून राजारामपुरी लांब नाही. ती सायकलवरच निघाली. गल्लीच्या तोंडाशी समोरच्या संयोगिताकाकू मटार सोलत बसल्या होत्या.

"लगेच निघालीस व्हय परत?" त्या ओरडल्या. "आत्ता तर गच्चीवर कपडे काढत हुतीस! कंटाळा कसा येत न्हाई गं तुला?"

आदितीनं मान हलवली. ती न थांबता पुढं गेली.

घराचं फाटक लावलेलं होतं, पुढचं दार उघडं. आत कुठंतरी नळ चालू होता. तिची सायकल व्हरांड्यात उभी होती. तिची सायकल तिच्या हातातही होती.

फाटकाची कडी वाजली तसा अभिनंदन बाहेर आला. तो दचकेल, ओरडेल, पांढरा पडेल, असं तिला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. दुकान बंद करताना गिऱ्हाईक आलं की तो जसा बघायचा, तसा त्यानं तिच्याकडं बघितलं. पायऱ्या उतरून तो फाटकाशी आला आणि आतून कडीवर हात ठेवला.

"अभि, आत कोण हाय?"

"हळू बोल."

"कोण हाय ती?"

"म्हायती न्हाई."

"म्हायती न्हाई म्हणजे?"

"मी इचारलंच न्हाई." तो कडीकडं बघत बोलत होता. "दार उघडलं तर तू हुतीस. पाणी दिलं. बसली. मग कळालं."

"कधी कळालं?"

"त्याच संध्याकाळी."

आदितीनं सायकलच्या हँडलवर भार टाकला. ट्रकमध्ये, गाडीत, स्टेशनापासून इथपर्यंत तिनं जे धरून ठेवलं होतं, ते हातातून सुटलं. ह्याला सोडवायला आपण आलो होतो.

"आणि तू फोनवर माझ्याशी बोलत राहिलास? लवकर येऊ नको म्हणालास?"

"तू खूश हुतीस की तिकडं." आता त्यानं वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "प्रत्येक सुट्टीला तू गेलीस आदे. मी कधी अडवलं? लोकं हसायची, मी पण हसायचो. मग घरी येऊन मी नि आई, आणि टीव्ही. ही थांबते. सांगंल तिथं थांबते."

"एकदा सांगायचंस तरी. मला सांगायचंस, अभि."

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस काय?"

उत्तर शोधता शोधता तिची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली.

बोळाच्या टोकाला सैपाकघर दिसत होतं. तिथं एक बाई पाठमोरी उभी होती. आदितीचा जांभळा गाऊन, आदितीचा केसांचा चाप. एक हात नळावर. नळाखालचं पातेलं कधीच भरून वाहत होतं. पाणी ओट्यावरून फरशीवर आणि फरशीवरून बोळात आलं होतं. बाईची पावलं त्या पाण्यात होती. तोंड भिंतीकडं. आधी वाटलं, ती कान देऊन ऐकतेय. मग आदितीला दिसलं की ती ऐकत नाहीय. ती काहीच करत नाहीय. खांदे श्वासानं वर-खाली होतात, तेही होत नव्हते.

"अभि," ती कुजबुजली, "वळून बघ. एकदाच मागं बघ."

तो वळला नाही. त्याच्या मानेची शीर ताणली गेली, जबडा आवळला गेला, पण मान जागची हलली नाही. आदितीला तेव्हा कळलं की त्यालाही हे ठाऊक आहे. तो घरात नसला की तिचं काय होतं ते त्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो बघत नाही.

व्हरांड्यात रत्नाबाई आल्या. हातात जपाची माळ. इतक्या थोड्या दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते.

"आई!" आदिती ओरडली. "चला माझ्यासंगं. अशाच चला."

म्हातारीचे डोळे भरून आले. एक पाऊल त्यांनी पायरीवर टाकलंही.

"आई," अभिनंदन मागं न बघता म्हणाला. आवाज अगदी साधा, रोजचा. "आदिती कुठाय, सांग बघू."

रत्नाबाईंनी मुलाच्या पाठीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सुनेकडं बघितलं, तिच्या उन्हानं काळवंडलेल्या तोंडाकडं, दोन्ही हातांत धरलेल्या सायकलकडं. समोर मटार सोलायचे थांबवून संयोगिताकाकू मान उंच करून इकडं बघत होत्या. रत्नाबाईंनी पायरीवरचं पाऊल मागं घेतलं. नजर खाली टाकली आणि बोट आत दाखवलं.

"आत हाय," त्या म्हणाल्या. "सैपाकघरात."

आदितीला ओरडायचं होतं. ह्याच बाईनं फोनवर रडून बोलावलं होतं. तिनं एक हात सायकलवरून काढून फाटकावर ठेवला.

अभिनंदननं फाटकाची कडी सरकवली. मग समोरच्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मोकळ्या, दिलदार आवाजात तो म्हणाला, "रस्ता चुकलासा पावणं! माघारी जावा, आणि चौकातनं इचारत जावा."

त्यानं आईच्या खांद्यावर हात टाकला आणि तिला घेऊन तो पायऱ्या चढला. रत्नाबाईंनी एकदा मान वळवायचा प्रयत्न केला. त्यानं हात जरा वर सरकवला. उंबऱ्याशी थांबून त्यानं चपला काढल्या, पुसण्यावर पाय पुसले, आणि उजवं पाऊल आत ठेवलं.

सैपाकघरातला नळ बंद झाला. ताटं मांडल्याचा आवाज यायला लागला.